चौथ्या जागेवरची बाटली

१

सकाळची झाडलोट चालली होती. सोर्न भंतेंच्या पायाखालची फळी डुगडुगली, तशी रोजच्याप्रमाणे त्यांनी चटई बाजूला सारून ती उचलली, आत वाकून बघितलं, आणि हातातला झाडू तिथेच टाकून थोरल्या भंतेंना हाका मारत सुटले.

फळीखालच्या पोकळीत तांदळाच्या पांढऱ्या दारूची बाटली उभी होती. आणि सारलेली चटई काम्फोनची होती.

काम्फोन तेव्हा विहिरीवर तोंड धूत होता. धावत आला, बाटली पाहिली आणि मटकन खाली बसला. "आईची शपथ, माझी नाही," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

बाहेरच्या जगात चुकलेल्या माणसाला दुसरी संधी मिळते, तिसरीही मिळते. नान नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या टेकडीवरच्या या मठात ती सोय नाही. इथे व्यसन सोडायला फक्त पुरुष येतात, आणि आयुष्यात एकदाच येतात. आल्या दिवशी आपलं वचन कागदाच्या चिठोऱ्यावर लिहायचं, बुद्धासमोर वाचायचं आणि चिठोरा गिळून टाकायचा. मग पाच दिवस, दुपारी तीनच्या ढोलाला, काळं कडू औषध घशाखाली घालायचं आणि आतडी बाहेर येईस्तोवर ओकायचं. ओकणाऱ्याला धीर यावा म्हणून बाकीचे ढोल बडवत गाणी म्हणतात. वचन मोडलं की फाटक बंद, ते कायमचं. मग कुणी पाया पडो नाहीतर डोकं आपटो.

झोपायलाही रीत होती. आलेला माणूस पहिल्या जागेवर, बुद्धाच्या पायाशी चटई टाकणार. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकाने आपली चटई एक जागा पुढे न्यायची. पाचवी जागा दाराशी. दाराशी पोचला तो सुटला.

आज दाराशी होता खाजोन. एकतीस वर्षं नदीच्या पोलिसात काढलेला सार्जंट, त्यातली बावीस वर्षं बाटलीच्या संगतीत. चौथ्या जागेवर ट्रक ड्रायव्हर काम्फोन. रात्रभर गाडी हाणता यावी म्हणून गोळ्या खायला लागला आणि मग गोळ्यांनीच त्याला हाणलं. तिसऱ्या जागेवर बुनलोत, जत्रेतल्या बँडात ढोल वाजवणारा, तोही गोळीवाला. दुसऱ्या जागेवर सत्तरीचे तियांगबाबा, दारूवाले. पहिली जागा रिकामी होती.

थोरले भंते सावकाश आले. बाटलीकडे बघितलं, काम्फोनकडे बघितलं.

"तुझी बायको आठ महिन्यांची पोटुशी आहे ना?"

"हो भंते. ती म्हणाली, मूल यायच्या आत कोरा होऊन ये. नाही आलास तर पोराला सांगेन, बाप ट्रकखाली गेला." काम्फोन रडायला लागला. बत्तीस वर्षांचा दांडगा गडी, पण हमसून हमसून रडला.

भंते खाजोनकडे वळले. "सार्जंट, तुमचं डोकं कधीकाळी चालायचं म्हणतात."

"कधीकाळी, भंते."

"मग आज चालवा. तीनच्या ढोलापर्यंत मला खरं काय ते कळलं नाही, तर हा पोरगा फाटकाबाहेर जाईल. नियम माझ्याहून जुना आहे."

२

पेज पिताना कुणी बोलेना. एरवी ती स्वप्नांची वेळ असायची. त्या औषधाने आणि दुपारच्या वाफाऱ्याने माणसाचं डोकं असं हलकं होतं की दिवस कुठे संपला आणि झोप कुठे लागली हे कळत नाही. टेकडीवर धुकं उतरलं की आपणच वाहत चाललोय असं वाटतं. म्हणून सकाळी प्रत्येकाने आपलं स्वप्न सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर खी खी करायचं.

खाजोनच्या डोळ्यांसमोर मात्र कालच्या दुपारचं स्वप्न अजून तरंगत होतं. वाफाऱ्यातून येऊन तो चटईवर आडवा झाला, तोच त्याला नदी दिसली होती. दुधासारखी पांढरी. तो आपल्या जुन्या गस्तीच्या होडीत उभा, हातात गारेगार मासा. मासा तडफडत नव्हता, नुसता बघत होता. काठावरून कुणीतरी म्हणत होतं, "सांभाळून रे, सांडेल." होडीच्या तळाची फळी उचलून त्याने मासा अलगद खाली ठेवला, आणि मग ढोल वाजेपर्यंत अशी गाढ झोप लागली की काय सांगावं.

"मासा म्हणजे शुभ," तियांगबाबा कालच म्हणाले होते. "हातातला मासा तर फारच शुभ. लॉटरीचा नंबर नाही दिला का रे त्याने?"

आज बाबा मान खाली घालून पेज भुरकत होते.

खाजोन त्यांच्याशेजारी सरकला. "बाबा, या दालनात दारूची तलफ दोघांनाच. एक मी, एक तुम्ही."

"म्हणजे माझ्यावर आलंच का?" बाबा भडकले. "अरे, मला उठून मुतारीपर्यंत जायला दोन माणसं लागतात. फळी उचलू मी? आणि उचललीच असती, तर बाटली भरलेली राहिली असती का? चाटूनपुसून ठेवली असती!"

बुनलोत खोकल्यासारखं हसला.

"तू हसू नकोस," खाजोन म्हणाला. "परवा काम्फोनशी तुझी जुंपली होती."

"तो घोरतो, काका! डिझेलचं इंजिन परवडलं. उशी फेकून मारली मी त्याला, कबूल." बुनलोतने वाडगा खाली ठेवला. "पण घोरतो म्हणून कुणी कुणाचा जन्म फुकट घालवतं का? आणि मला त्याला अडकवायचंच असतं, तर मी गोळ्या ठेवल्या असत्या. गोळीवाल्याच्या चटईखाली दारू? असला अडाणीपणा मी नाही करणार."

हे खाजोनला पटलं. काम्फोन दारूला शिवत नव्हता. बाबा पीत होते, पण त्यांच्या अंगात त्राण नव्हतं. बुनलोतला डोकं होतं. मग राहिलं कोण?

३

बाटली सोर्न भंतेंच्या कुटीत, खिडकीत ठेवली होती. खाजोन तिच्यासमोर मांडी घालून बसला. तोंडाला पाणी सुटलं, ते त्याने गिळलं. लाज वाटली, पण नजर हलवली नाही.

"काल सकाळी फळीखाली बघितलं होतं का, भंते?"

"रोज बघतो. ती फळी पहिल्यापासून सैल आहे, तिच्याखाली लोक काय काय लपवतात. काल सकाळी तिथे नुसती माती होती."

म्हणजे काल सकाळ ते आज सकाळ. सगळे धरून चालले होते की रात्री ठेवली. पण कुणी पाहिलं होतं रात्री?

त्याने बाटली उजेडात धरली. झाकण नव्हतं. फळीखालीही सापडलं नव्हतं. दारू मात्र मानेपर्यंत भरलेली, एक घोटसुद्धा कमी नाही. गळ्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला, त्यात मोगऱ्याची एक सुकी पाकळी अडकलेली. खांद्यावर करड्या राखेचे ठिपके होते. बोटाने उचलून त्याने वास घेतला. उदबत्ती.

बाहेर धुकं विरत होतं, वाफाऱ्याच्या चुलीवर गवती चहा आणि चिंचेचा पाला उकळत होता. तो वास आला की त्याला गुंगी येई.

पिणारा बाटली उघडतो, पण मग ती भरलेली ठेवत नाही. हे बाबा बरोबर बोलले. अडकवणारा भरलेली बाटली ठेवतो, पण ती कशाला उघडेल? विकत आणली तशी सीलबंद सरकवेल. चोरून नेणारा तर झाकण घट्ट लावेल, नाहीतर वाटेत सांडणार. मग बाटली उघडायची आणि एक थेंबही न पिता सोडून द्यायची, असं कोण करतं?

खाजोन ताडकन उठला. असं तर या मुलुखातलं प्रत्येक घर करतं!

"भंते, स्वयंपाकघरामागे जागेवालीचं देवघर आहे ना? नवस फेडायला तिथे कोण आलं होतं काल?"

सोर्न भंतेंनी कानांवर हात ठेवले. "ते मागच्या दाराबाहेर, भिंतीपलीकडे आहे. ते आमच्याकडे नाही, चुएनबाईंना विचारा."

४

चुएनबाई मठाच्या आचारी. पाचसहा मोठी पातेली, दोन मांजरं आणि टेकडीची जुनी मालकीण जागेवाली, जी मठाच्याही आधीपासून इथे राहते, या सगळ्यांची देखभाल त्या एकट्या करत. खांबावरचं ते छोटं लाकडी घर, त्यात उदबत्त्या, झेंडू-मोगऱ्याच्या माळा, लाल सरबताच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीचं झाकण काढलेलं आणि आत नळी खोचलेली. बंद बाटली ठेवली तर जागेवाली पिणार कशी?

"दारूची बाटली?" चुएनबाई पालेभाजी चिरत होत्या, सुरी थांबली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाटलीनेच सांगितलं, ताई. खरं बोला. एका पोराचा जन्म टांगणीला लागलाय."

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. "थोरल्या भंतेंना सांगू नका हं. मठाच्या दारात दारू म्हणजे मला हाकलतील. पण नवस होता हो! नवसाला नाही कसं म्हणू? एक पोरगी आली काल, भर दुपारी. म्हणाली, तिसऱ्या दिवशी सगळे पळून जातात, तर माझ्या माणसाला तिसरा दिवस निभावू दे, त्याची आवडती बाटली तुला वाहीन, असं बोलले होते. तिसरा दिवस निभावला, म्हणून फेडायला आले. मीच झाकण काढलं, मीच गुलाबी नळी खोचली."

"मग बाटली गेली कुठे?"

"ढोलाच्या आधी उदबत्ती लावायला गेले, तर जागा रिकामी. म्हटलं माकडांनी नेली असेल, नाहीतर जागेवालीनेच. मूग गिळून बसले. फळीखाली सापडली ती हीच, हे आत्ता कळतंय मला."

खाजोनने बोटांवर वेळ मोजली. दुपारी बारानंतर आणि तीनच्या ढोलाआधी. म्हणजे वाफारा घेऊन सगळे गुंगीत पडलेले असतात ती वेळ. रात्र नव्हेच.

रात्री चौथ्या जागेवर काम्फोन होता. पण काल दुपारी?

काल संध्याकाळी चटया एक जागा पुढे सरकल्या. त्याआधी काम्फोन तिसऱ्या जागेवर होता. आणि सैल फळीच्या त्या चौथ्या जागेवर, काल दुपारी...



"सार्जंट? पांढरेफटक पडलात. बसा बरं." चुएनबाईंनी पाणी पुढे केलं. "आणि हे बघा, तुम्हालाच सांगायचं होतं. ती पोरगी आज पुन्हा आलीय. सकाळपासून चिंचेखाली बसून आहे. नवे कपडे आणलेत, इस्त्री केलेले. मठाच्या वहीत तुमचं नातेवाईक कुणी नाही असं लिहिलंय ना? ती म्हणते, तिचं नाव कुंग, आणि पाचव्या जागेवरचा सार्जंट तिचा बाप आहे."

५

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात खाजोन भर मांडवात भिक्षूंच्या पंगतीवर कोसळला होता. कुंग तेव्हा एकच वाक्य बोलली, "बाबा, पुन्हा तोंड दाखवू नका." त्याने दाखवलं नाही. वहीत 'नातेवाईक' या रकान्यात त्याने मुकाट्याने रेघ मारली होती.

आणि त्या पोरीने त्याच्यासाठी नवस बोलला होता!

तो दालनात आला. कुणी नव्हतं. दाराशी त्याची चटई गुंडाळून ठेवलेली होती. त्याने ती सोडली, हाताने चाचपत गेला. मधल्या दुमडीत काहीतरी कडक लागलं. काढून बघितलं, तर गुलाबी नळी, वाकलेली.

मासा गार होता. मासा तडफडत नव्हता. सांभाळून रे, सांडेल.

तो खाली बसला. काही आठवत नव्हतं, आणि सगळं आठवत होतं. पायाखालचं गवत ओलं होतं. मोगऱ्याचा वास होता. होडीची फळी म्हणजे हीच फळी, जिच्यावर तो काल दुपारी झोपला होता, जी सैल आहे हे त्याच्या पाठीला ठाऊक होतं.

आता खरी गोची इथे होती. हे कुणालाच कळलेलं नव्हतं. नळी चुलीत टाकली की संपलं. चुएनबाई भीतीने तोंड उघडणार नव्हत्या. तीन वाजता शेवटचं औषध, साडेचारला फाटक उघडणार, आणि चिंचेखाली त्याची लेक इस्त्रीचे कपडे घेऊन उभी असणार. तीन वर्षांनी ती 'बाबा' म्हणणार. त्यापायी काय जाईल? एक ट्रक ड्रायव्हर. जगात ट्रक ड्रायव्हर पुष्कळ आहेत.

हा विचार त्याने केला. नाही केला असं म्हणणं खोटं होईल. चांगला नळी हातात फिरवत, एक पातेलं उकळेल इतका वेळ केला.

मग त्याला आपला चिठोरा आठवला. बाकीचे एक ओळ लिहितात, त्याने दोन लिहिल्या होत्या. पिणार नाही, ही पहिली. माझं पाप दुसऱ्याच्या पदरात घालणार नाही, ही दुसरी. बावीस वर्षं त्याने बायकोच्या, साहेबाच्या, नदीच्या ओल्या हवेच्या पदरात घातलं होतं. ती ओळ गिळताना घशात अडकली होती, आणि अजूनही तिथेच कुठेतरी होती.

बाहेर ढोलावर पहिली थाप पडली.

६

सगळे ओकायच्या चरापाशी रांगेत गुडघे टेकून बसले होते, मठाच्या लाल कपड्यांत. काम्फोन एकटाच बाजूला, स्वतःच्या कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन.

"सार्जंट," थोरले भंते म्हणाले, "कोण?"

"मी, भंते."

ढोल थांबला. बुनलोतच्या हातातली टिपरी तशीच वर राहिली.

खाजोनने सगळं सांगितलं. उघडी आणि भरलेली बाटली, नवस, दुपारची वेळ, संध्याकाळी सरकलेल्या चटया. स्वप्नही सांगितलं. शेवटी नळी भंतेंसमोर जमिनीवर ठेवली. चुएनबाईंचं नाव मात्र घेतलं नाही, 'विचारपूस केली' एवढंच म्हणाला.

"काका, तुम्ही झोपेत होता!" काम्फोन ओरडला. "झोपेतलं कसं धरायचं?"

"हात माझाच होता रे. बोचकं सोड आणि रांगेत बस."

थोरल्या भंतेंनी बाटली मागवली, वर धरली. मानेपर्यंत भरलेली दारू दुपारच्या उन्हात चमकली.

"बाटली उघडी होती," ते म्हणाले. "आत नळी होती. आसपास कुणी नव्हतं. तुम्ही स्वतःसुद्धा नव्हता, सार्जंट. बावीस वर्षांत अशी बाटली तुमच्या हातातून कधी भरलेली सुटली होती का?"

हे खाजोनच्या डोक्यातच आलं नव्हतं. सबंध दिवसात एकदाही नाही. नळी काढून ठेवली होती त्याने. एक थेंबही सांडू न देता, एक थेंबही न पिता, अलगद नेऊन जमिनीत ठेवली होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, सगळ्यांसमोर, आणि त्याने पुसलं नाही.

"वचन मोडलेलं नाही," भंते म्हणाले. त्यांनी बाटली उपडी केली. दारू मातीत जिरून गेली. "पण हात गेला हेही खरं. या हाताला अजून पाच दिवस लागतील. पहिली जागा रिकामी आहे. संध्याकाळी सगळे एक एक पाऊल पुढे जा, आणि तुम्ही, सार्जंट, बुद्धाच्या पायाशी."

"पाच दिवस हे काळं पाणी पुन्हा?" तियांगबाबा कळवळले. "मेला बिचारा!"

"बाबा, तुम्ही गाणं म्हणा," खाजोन नाक ओढत म्हणाला. "तुमचं गाणं ऐकून तसंही ओकायला येतं."

बुनलोतने ढोलावर अशी थाप मारली की झाडावरची पाखरं उडाली. आणि काम्फोन, ज्याचा सूर आजवर फक्त घोरण्यातच ऐकू आला होता, तो सगळ्यांच्या वर गळा काढून गायला लागला. बायकोच्या पोटातल्या बाळालाही ऐकू गेलं असेल.

संध्याकाळी खाजोन पहिल्या जागेवर चटई पसरत होता. चुएनबाई खिडकीशी आल्या.

"पोरीला सगळं सांगितलं. पाच दिवस भेट नाही म्हटल्यावर रडली. मग बाटली भरलेली होती हे सांगितलं, तेव्हा आणखीन रडली. कपडे माझ्याकडे ठेवलेत. म्हणते, पाचव्या दिवशी येईन, इस्त्री मोडू देऊ नका."

"आणखी काही म्हणाली?"

"म्हणाली, नवा नवस बोललाय. पण आता दारू नाही, जागेवालीला लाल सरबत."

खाजोनने चरापाशी उचलून कनवटीला खोचलेली नळी काढली, सरळ केली, आणि खिडकीतून चुएनबाईंच्या हातात दिली.

"ही ठेवा, ताई. सरबताला लागेल."